आपल्या घराच्या जमिनीचा ओपनिंग बॅलन्स



पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि मुलं झोपली की वाचा. विषय थोडा कोर्टकचेरीचा आहे, पण तो तुमच्या-माझ्या घरापर्यंत येतो. माझ्या तर थेट माहेरापर्यंत पोचला.

मागच्या टर्ममध्ये लेकीला शाळेतून गृहपाठ आला. ती इयर नाइनला आहे. २०२३ पासून इथल्या शाळांत इयर वन ते टेन न्यूझीलंडचा इतिहास शिकवणं सक्तीचं झालंय, हे इथल्या पालकांना माहीत आहेच. प्रश्न एका ओळीचा होता: तुमचं घर ज्या जमिनीवर उभं आहे ती आधी कोणाची होती, आणि तुमच्यापर्यंत कशी आली?

लेक म्हणाली, "आई, तू सीए आहेस ना? तुझ्याकडे सगळे पेपर असतात."

असतात. घराची फाइल काढली. रेकॉर्ड ऑफ टायटलवर आमची दोघांची नावं, खाली बँकेचं मॉर्गेज. घर घेताना वकिलाने जुन्या टायटलच्या प्रतीही दिल्या होत्या, त्या मी तेव्हा न वाचताच लावून ठेवल्या होत्या. आमच्या आधी एक निवृत्त जोडपं, त्याआधी एक शेतकरी, त्याआधी आणखी कोणी. असं मागे मागे जात शेवटी एक कागद आला: क्राउन ग्रँट. म्हणजे सरकारने पहिल्यांदा ही जमीन कोणाला तरी दिली तो कागद. त्याच्या मागे काही नाही. वही तिथेच सुरू होते.

तुमच्यात कोणी अकाउंट्सवाले असतील तर त्यांना कळेल मला काय झालं ते. आम्हाला आर्टिकलशिपमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात की नवीन क्लायंटचं ऑडिट घेतलं की आधी ओपनिंग बॅलन्स तपासायचा. वर्षभराच्या नोंदी कितीही चोख असू देत, सुरुवातीचा आकडा कुठून आला ते कळलं नाही तर पुढच्या सगळ्या बेरजा नुसत्या नीटनेटक्या दिसतात, एवढंच. माझ्या घराच्या फाइलमध्ये ओपनिंग बॅलन्सला काहीच आधार नव्हता. सरकारकडे ही जमीन आली कुठून?

उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. वुडविलला जायचा नवा हायवे २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, आठवतंय? २०१७ मध्ये गॉर्जचा रस्ता दरड कोसळून बंद झाल्यापासून आपण सगळे सॅडल रोडच्या वळणांवर मुलांच्या उलट्या सांभाळत जात होतो. त्या नव्या रस्त्याचं नाव ते आहू आ तुरंगा. मला वाटलं होतं, डोंगराचं नाव असेल. आहेच. तुरंगा नावाच्या पूर्वजाची ती डोंगरावरची पवित्र जागा. पण तेच नाव जमिनीच्या एका मोठ्या ब्लॉकचंही आहे. १८६४ मध्ये रंगिताने लोकांकडून सरकारने ते आहू आ तुरंगा ब्लॉक विकत घेतला. सुमारे अडीच लाख एकर. किंमत १२,००० पौंड. आपलं पामी, म्हणजे अख्खं पामर्स्टन नॉर्थ, त्या ब्लॉकमध्ये बसतं. दाट जंगलातली एक मोकळी जागा होती, तिचं नाव पापाइओएआ. तिथे १८६६ मध्ये गावाची आखणी झाली, इंग्लंडच्या पंतप्रधानाचं नाव दिलं आणि साउथ आयलंडमध्ये आधीच एक पामर्स्टन होतं म्हणून १८७१ मध्ये 'नॉर्थ' जोडलं.

सवयीने भागाकार केला. १२,००० पौंड म्हणजे २,४०,००० शिलिंग. भागिले अडीच लाख एकर. एकरी एक शिलिंगसुद्धा भरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, विकली ना पण? सही केली, पैसे घेतले, व्यवहार संपला. मीही आधी हेच म्हणाले. म्हणून थोडा मागचा हिशोब सांगते.

६ फेब्रुवारी १८४० ला वाइतांगीचा करार झाला. आपल्याला ती सुट्टी पाठ असते. इंग्रजी मसुद्यात माओरी प्रमुखांनी सार्वभौमत्व राणीला दिलं. माओरी मसुद्यात त्याच जागी 'कावानातांगा' असा शब्द आहे, म्हणजे कारभार चालवण्याचा अधिकार. आणि जमीन, गावं, जे जे मोलाचं आहे त्यावरचा पूर्ण अधिकार प्रमुखांकडेच राहील असं माओरी मसुदा सांगतो. पाचशेहून जास्त प्रमुखांनी सह्या केल्या, त्यातल्या बहुतेकांनी माओरी मसुद्यावर. इंग्रजी मसुद्यात आणखी एक कलम होतं: जमीन विकायची तर आधी सरकारला विचारायचं. बाजारात एकच गिऱ्हाईक असेल तर भाव कोण ठरवतं, हे भाजीवाल्यालाही कळतं. १८६० च्या दशकात वाइकातो आणि तारानाकीत युद्ध पेटलेलं होतं, आणि इथे मानावातूत कोणती जमीन कोणत्या टोळीची यावर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद चालू होता. अशा वेळी ती सही झाली.

आणि सही करणारे काही भोळे नव्हते. स्क्वेअरमध्ये ज्यांचा पांढरा पुतळा आहे ना, ज्याच्याशेजारी आपण दर दिवाळीला फोटो काढतो, ते रंगितानेंचे प्रमुख ते पीती ते आवे आवे. स्क्वेअरचं 'ते मराए ओ हिने' हे नाव त्यांनीच सुचवलं. नव्या लोकांबरोबर शांततेने राहायचं, हा त्यांचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. समोरच्या पक्षाने आपली बाजू किती पाळली, हा पुढचा प्रश्न.

इथे कोर्ट येतं. आणि इथेच मला आपला देश आणि हा देश यांतला फरक कळला.

न्यूझीलंडला आपल्यासारखी एका पुस्तकात लिहिलेली राज्यघटना नाही. १९८६ चा कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅक्ट आहे, १९९० चा बिल ऑफ राइट्स अ‍ॅक्ट आहे, वाइतांगीचा करार आहे, रूढी आहेत. पण 'हा कायदा घटनेच्या विरुद्ध आहे म्हणून रद्द' असं इथलं कोर्ट संसदेला सांगू शकत नाही. आपल्याकडे सुप्रीम कोर्ट ते सांगतं. हा फरक डोक्यात ठेवा.

१८७७ मध्ये वी पाराता नावाच्या माओरी नेत्याने खटला भरला. त्याच्या लोकांनी पोरिरुआजवळची जमीन शाळेसाठी दिली होती, शाळा कधी बांधलीच नाही, आणि जमीन चर्चच्या नावावर झाली. मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी दावा फेटाळला आणि सांगितलं की जमिनीच्या हक्कांपुरता वाइतांगीचा करार कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे. एका निकालाने ओपनिंग बॅलन्सच पुसून टाकला.

मग आला निरेआहा तामाकी. हे नाव मुलांना जरूर सांगा, कारण हा माणूस आपल्या डोंगराच्या पलीकडचा. रंगितानेच, पण रेंजच्या पूर्वेकडचे. मांगाताइनोका माहीत आहे ना? बिअरच्या फॅक्टरीचा उंच टॉवर दिसतो ते गाव. त्या भागातली सुमारे ५,००० एकर जमीन सरकारने आपली समजून विक्रीला काढली. निरेआहाचं म्हणणं होतं की मोजणीत चूक झाली आहे, हा तुकडा आम्ही कधी विकलेलाच नाही. त्याने जमीन खात्याच्या अधिकाऱ्यावर दावा लावला. इथल्या कोर्ट ऑफ अपीलने १८७७ च्या निकालाकडे बोट दाखवून त्याला परत पाठवलं. हा गडी थांबला नाही. तेव्हा न्यूझीलंडचं सर्वोच्च न्यायालय लंडनमध्ये होतं, प्रिव्ही कौन्सिल. तिथपर्यंत गेला. आणि १९०१ मध्ये जिंकला. लंडनच्या न्यायाधीशांनी सांगितलं की माओरींचा जमिनीवरचा हक्क खुद्द न्यूझीलंडच्या कायद्यांनी मान्य केलेला आहे, आणि तो संपला की नाही हे कोर्टाने तपासायलाच हवं. नुसतं सरकार म्हणतं म्हणून नाही.

वाचताना मी टाळी वाजवणार होते. पण त्याच वर्षी इथल्या संसदेने कायदा करून त्या निकालाची वाट अडवली, आणि निरेआहाला शेवटी तडजोड करावी लागली. १९०९ च्या कायद्याने तर सरकारविरुद्ध असा पारंपरिक हक्क कोर्टात मांडायची सोयच काढून टाकली. कोर्टाने दिलं, संसदेने घेतलं. आणि घटनेचं पुस्तक नसल्यामुळे, संसदेला अडवणारं कोणी नाही.

हेच शंभर वर्षांनी पुन्हा झालं. मार्लबरो साउंड्समध्ये शिंपल्यांची शेती करायला माओरींना परवानगी मिळत नव्हती, म्हणून साउथ आयलंडच्या नाती आपा आणि इतर टोळ्या कोर्टात गेल्या. २००३ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने एवढंच म्हटलं की किनारा आणि समुद्रतळ यांवरचा त्यांचा दावा माओरी लँड कोर्ट ऐकू शकतं. जमीन त्यांची आहे असं नाही, दावा ऐकून घ्या, एवढंच. २००४ मध्ये संसदेने कायदा करून किनारा सरकारच्या नावावर केला. हजारो लोक वेलिंग्टनपर्यंत चालत गेले. माओरी पार्टी त्यातूनच निघाली. २०११ मध्ये तो कायदा मागे घेऊन दुसरा आणला.

गंमत म्हणजे देणारीही संसदच होती. १९७५ मध्ये फिना कूपर ही ऐंशीला टेकलेली बाई नॉर्थलँडच्या टोकापासून वेलिंग्टनच्या संसदेपर्यंत मोर्चा घेऊन गेली. त्याच वर्षी वाइतांगी ट्रिब्युनल स्थापन झालं, आणि १९८५ मध्ये त्याला थेट १८४० पर्यंतचे दावे तपासायचा अधिकार मिळाला. म्हणजे संसदेने स्वतःच ऑडिटर नेमला आणि सांगितलं, ओपनिंग बॅलन्सपासून बघा. कोर्टही हळूहळू धीट झालं. न्यूझीलंडचं स्वतःचं सुप्रीम कोर्ट २००४ मध्ये सुरू झालं. नेल्सनची जमीन घेताना एक दशांश, म्हणजे १५,१०० एकर, माओरी मालकांसाठी राखून ठेवायची, असं ठरलं होतं आणि ते पाळलंच नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते पाळणं ही सरकारची विश्वस्त म्हणून जबाबदारी होती. ट्रस्ट अकाउंट सांभाळणाऱ्या कोणालाही हा निकाल लगेच कळेल.

आपल्या पामीचं काय झालं? रंगिताने ओ मानावातू यांचा दावा २०१६ च्या कायद्याने मिटला. सरकारने कायद्यातच लिहून माफी मागितली आणि १ कोटी ३५ लाख डॉलर दिले. काही जागाही परत दिल्या. मी परत भागाकार केला. पामीत साधं घर सहा-साडेसहा लाखांचं धरलं तर ही रक्कम वीस-बावीस घरांची होते. एका छोट्या गल्लीएवढी. आणि ती फक्त एका ब्लॉकची नाही, सगळ्या तक्रारींची मिळून. तरी त्यांनी ती घेतली आणि त्यावर पुढे उभं राहायचं ठरवलं.

आता तो प्रश्न, जो आपल्या पार्ट्यांमध्ये हळू आवाजात विचारला जातो: "उद्या आपलं घर मागितलं तर?" मंडळी, नाही. १९९३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे खासगी मालकीची जमीन परत द्या अशी शिफारस ट्रिब्युनल करू शकत नाही. भरपाई सरकार देतं, सरकारी पैशातून आणि सरकारी जमिनीतून. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये करारावरच्या विधेयकावरून एवढा मोठा हीकोई निघाला, समितीकडे तीन लाखांहून जास्त निवेदनं गेली, २०२५ च्या एप्रिलमध्ये ते विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. त्या सगळ्या काळात आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी भीती फिरत होती तिला कागदावर आधार नव्हता. माझ्या घराच्या टायटलला धक्का लागत नाही. म्हणजे मी निर्धास्त आहे, आणि त्या गल्लीएवढ्या रकमेत माझ्या पायाखालचा हिशोबही मिटवलेला आहे.

हे सगळं मी रविवारी बाबांना फोनवर सांगत होते. बाबा नागपूरला असतात, सत्तरी ओलांडली आहे. ऐकून म्हणाले, "तिकडे बरं आहे बाई. आपली नऊ एकर तर सरकारने काढूनच घेतली. एका कागदावर."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. आमच्याकडे ती महालक्ष्म्यांच्या जेवणावळीत हमखास निघायची. आजोबांचं यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात किराणा दुकान होतं. त्यांनी कष्टाने नऊ एकर जमीन घेतली, रीतसर खरेदीखत केलं, सातबाऱ्यावर नाव चढलं, आणि १९७८ मध्ये सरकारने ती काढून 'त्या लोकांना' दिली. आजोबा त्यानंतर खचले. आमच्या घरात 'सरकार' या शब्दाला तेव्हापासून कडवट चव आहे.

चाळीस वर्षं ऐकलेली गोष्ट. ज्या बाईने दोन आठवडे रंगितानेंचा ओपनिंग बॅलन्स शोधला होता, तिने आपल्या घरचा कधी विचारलाच नव्हता. मी विचारलं, "बाबा, आजोबांनी ती कोणाकडून घेतली होती?"

"गोंडाची होती."

फोन ठेवून मी तो कायदा शोधला. महाराष्ट्रात १९७४ चा कायदा आहे, अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून मूळ कुटुंबाला परत द्यायच्या, आणि त्या कुटुंबाने कायद्याने ठरवलेली रक्कम हप्त्यांनी भरायची. म्हणजे फुकट नव्हे, आणि 'एका कागदावर' तर नव्हेच. चौकशी होती, अपील होतं.

ज्यांच्या जमिनी गेल्या ते लोक, म्हणजे माझ्या आजोबांसारखेच खरेदीदार, सुप्रीम कोर्टात गेले. लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र राज्य. त्यांचं म्हणणं: आम्ही कायदेशीर खरेदी केली, झालेला व्यवहार सरकार उलटा कसा फिरवतं? डिसेंबर १९८४ मध्ये कोर्टाने कायदा वैध ठरवला. थोडक्यात असं की दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या नसतील, तर असे मिटलेले व्यवहार पुन्हा उघडून दुबळ्या बाजूला न्याय देण्याचा अधिकार कायदेमंडळाला आहे. आधार? घटनेचं ४६ वं कलम, जे सांगतं की राज्याने अनुसूचित जाती-जमातींचं शोषणापासून रक्षण करायचं.

मग मी घटनाच उघडली. शाळेत नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांपुरती वाचलेली. १९५० मध्ये मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्क होता, पण १९ व्या कलमात तो हक्क देतानाच लिहून ठेवलं होतं की अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्यावर वाजवी बंधनं घालता येतील. पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना अधिकार दिला की आदिवासी भागात जमिनीचे व्यवहार रोखता येतील. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना १९५० मध्येच माहीत होतं की कागदावर 'विकली' लिहिलेली प्रत्येक जमीन विकलेली नसते. संविधान सभेत आदिवासींची बाजू मांडणारे जयपालसिंग मुंडा हे १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या आपल्या हॉकी संघाचे कॅप्टन. मुलांना इतिहासात गोडी नसेल तर इथून सुरुवात करा.

आठवड्याने बाबांनी फोटो पाठवले. आजोबांच्या दुकानाच्या दोन वह्या ट्रंकेत होत्या. मी काही बोलले नव्हते, त्यांनीच काढल्या. खतावणीत त्या माणसाचं खातं होतं, तीन वर्षांचं. मृगाच्या तोंडावर ज्वारी, दिढीने. दिढी म्हणजे पावसाळ्यात एक पायली नेली की सुगीला दीड पायली परत. त्यात मीठ, तेल, लग्नाचं लुगडं, देवीचा नवस. दरवर्षी थोडं फिटायचं, उरलेलं पुढच्या पानावर ओढलेलं. १९६३ मध्ये खरेदी. खरेदीखतात किंमत ९०० रुपये. आणि वहीत त्याच तारखेला: खात्यात जमा ७८५, रोख दिले ११५.

मी ते पान तीनदा बेरजेसाठी वाचलं. बेरीज बरोबर होती. आजोबांचं अक्षर सुंदर, एक पैसा इकडचा तिकडे नाही. खोटेपणा कुठेच नाही. नऊ एकर ११५ रुपये रोखीत आली, हेही तितकंच खरं.

माझे आजोबा वाईट होते असं मला म्हणायचं नाही. पुरात त्यांनी अख्ख्या गावाला उधार धान्य दिलेलं आहे. पण ते आहू आ तुरंगाच्या सहीकडे मी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर या पानावरून फिरवून घेता येईना. बाजारात एकच गिऱ्हाईक. अडीच लाख एकर असो की नऊ एकर.

रात्री बाबांना फोन केला. काय बोलावं कळेना. तेच म्हणाले, "त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. चौथीनंतर आला नाही. मी कधी विचारलं नाही, का आला नाही." मग बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आपलं काढून घेतलं, आपलं काढून घेतलं, असंच म्हणत आलो गं."

मंडळी, आता हिशोब मांडते. न्यूझीलंडमध्ये चूक सुधारताना सरकारने खासगी मालकाला हात लावला नाही. शांतता टिकली, मी सुखाने राहते, पण रंगितानेंना त्यांची जमीन मिळाली नाही, तिच्या किमतीचा छोटासा अंश मिळाला. महाराष्ट्रात कायद्याने खरेदीदाराकडूनच जमीन परत घेतली. त्या गोंड कुटुंबाला नऊ एकर मिळाली आणि आमच्या घराला चाळीस वर्षांचा कडवटपणा. बिल कोणाला पाठवायचं, हे दोन देशांनी वेगळं ठरवलं. योगायोगाने मी एका ठिकाणी बिल चुकवलेल्यांत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी भरलेल्यांत.

आणि म्हणून 'आपली घटना बघा किती छान' असं म्हणून मी थांबणार नाही. आपलं पुस्तक भक्कम आहे, पण ते आपोआप चालत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो गावाने वर्षानुवर्षं सभा घेऊन, कागद जमवून मिळवला. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळले गेलेल्या आदिवासींना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला होता. ओरड झाली, पंधरा दिवसांत स्थगिती आली. इथे घटनेचं पुस्तक नाही, तिथे आहे. पण दोन्हीकडे वही पुन्हा उघडली ती कोणीतरी 'हा आकडा बरोबर नाही' म्हणत दारात उभं राहिलं म्हणून.

मुलांना हे कशाला सांगायचं, असं वाटेल. आपण तर बाहेरून आलेले, १८६४ शी आपला काय संबंध? २०११ मध्ये नगर जिल्ह्यातल्या एका भिल्ल स्त्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने निकालात म्हटलं होतं की भारतातलेसुद्धा बहुतेक लोक, सुमारे ९२ टक्के, बाहेरून आलेल्यांचेच वंशज आहेत आणि मूळ रहिवासी म्हणायचं तर आदिवासींना. टक्क्यांवर वाद घाला हवं तर. पण 'बाहेरून आलेले' हे आपल्याला इथे आल्यावर चिकटलेलं लेबल नाही, एवढं मला पटलं.

आपण मुलांना इथे वंशभेदाविरुद्ध उभं राहायला शिकवतो, शाळेत कोणी त्यांच्या नावाची थट्टा केली तर प्रिन्सिपलना ईमेल लिहितो. आणि घरी 'या माओरींना सगळं फुकट मिळतं' असंही त्यांच्या कानावर पडू देतो. मुलं दोन्ही ऐकतात. माझ्या लहानपणी 'त्या लोकांना' हा शब्द मी असाच ऐकला होता, पुरणपोळी खाताना.

तर एवढंच करा. आपल्या घराचं टायटल एकदा काढून मुलांबरोबर मागे मागे वाचत जा, क्राउन ग्रँटच्याही मागे. कौन्सिलच्या लायब्ररीत मदत करतात. आणि पुढच्या वेळी भारतात फोन कराल तेव्हा आई-बाबांना विचारा, आपली जमीन, आपला वाडा, आपला प्लॉट मुळात कोणाकडून घेतला होता. आवडेल असंच उत्तर येईल असं नाही. तरी विचारा. विचारणारी शेवटची पिढी आपणच आहोत. आपल्या मुलांना ती खतावणी वाचता येणार नाही, त्यांना मोडी सोडा, आजोबांचं देवनागरीही लागणार नाही.

लेकीने गृहपाठात दोन पानं लिहिली. एक ते आहू आ तुरंगावर. दुसरं नऊ एकरांवर, ते तिने मला न विचारता लिहिलं. खाली वहीच्या पानाचा फोटो चिकटवला आणि तिच्या आबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला. बाबा चष्मा लावून बघत राहिले. मग तिला म्हणाले, "बाळा, त्याचं नाव लिहायचं राहिलं. खात्याच्या वर आहे बघ. नाव लिही."

तिने लिहिलं.